गुलाबी तळ्यावर मुलगी बघायला

मुलगी बघायला घरी यायचं नाही, ही अट मुलीचीच होती. पोहे नकोत, साडी नको, चहाचा ट्रे घेऊन पुढे येणं नको. वेंगुर्ल्याच्या पुढे खाडीकाठी एक जुनं, सोडून दिलेलं मिठागर आहे. त्यातल्या तळ्याचं पाणी मे महिन्यात गुलाबी होतं आणि हल्ली ते बघायला लोक येतात. तुम्ही पण या, आम्ही पण येतो, असा निरोप मध्यस्थांकडून आला. मध्यस्थ म्हणजे माझ्या मेहुण्यांचे कुडाळचे लांबचे नातेवाईक. त्यांनी त्यात स्वतःची भर घातली. म्हणाले, लग्नाचा विषय एकदम काढायचा नाही. सहज गाठ पडल्यासारखं भेटायचं, चार गोष्टी बोलायच्या. पसंत पडलं तर पुढे बघू, नाही तर आपण तळं बघायला आलो होतो आणि तळं बघून गेलो. कुणाचा अपमान नाही, कुणाला वाईट वाटायला नको.

मला ही कल्पना फार आवडली. ताईला अजिबात आवडली नाही.

"गुलाबी पाणी!" ती फोनवर फणकारली. "आजकालच्या मुली काय सांगतील त्याचा नेम नाय. उद्या म्हणतील विमानात भेटू."

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. मालगुंडच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळावर, त्यांची हापूसची बाग आहे. मी रत्नागिरी शहरात एकटी राहते. सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे काढली, आता निवृत्त आहे. मी स्वतः लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांची लग्नं जमवायला माझ्याकडे वेळच वेळ आहे, अशी आमच्या घराण्यात समजूत आहे. मुलगा बघायचा असो, मुलगी बघायची असो, गाडीतली एक जागा माझी ठरलेली.

या वेळचा नवरामुलगा माझा भाचा, ताईचा एकुलता एक. पस्तिशीला आलेला. मुंबईत चांगल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करत होता. लॉकडाऊनमध्ये घरी आला, काही महिने लॅपटॉप मांडीवर घेऊन माडाखाली बसला आणि एक दिवस तो लॅपटॉप मिटून बापाबरोबर कलमांना आळी करायला गेला, तो गेलाच. वरच्या सड्यावर नुसता कातळ होता, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात तवा. त्याने तो कातळ फोडला, खालून माती नेऊन खड्डे भरले, कलमं लावली. मुलगा कामाचा आहे हे कुणीही सांगेल. पण हल्ली आमच्याकडे मुलगा गावात राहतो म्हटलं की समोरचा माणूस फोन ठेवतो. मुलगा मुंबईला हवा आणि बाग गावाला हवी. मे महिन्यात येऊन आंबे खायला.

पोराला नकार ऐकून ऐकून सवय झाली होती. ताईला झाली नव्हती. प्रत्येक बघण्याच्या वेळी ती नवरीच्या आईपुढे असं काही बोलायची, की मुलाला काही असाध्य रोग आहे असं वाटावं. "मुंबईला होता हो. चांगला पगार होता. सध्या घरी असतो." या 'सध्या'वर तिचा सगळा भर. भाचा बाजूला बसून चहाच्या कपाकडे बघत राहायचा. मला चीड यायची. अगं, चोरी केलीय का त्याने?

आणि या खेपेला ताईने हद्दच केली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा स्वयंपाकघरात तिने माझ्या कानाशी लागून सांगितलं की मध्यस्थांना तिने कळवलंय, मुलाला मुंबईची नोकरी परत मिळाली आहे, पाऊस सुरू झाला की तो हजर होणार.

"आणि त्याला माहीत आहे हे?"

"त्याला कशाला? लगीन झालं की बघता येईल. बायको म्हणाली की जातात पोरं आपणहून."

"आणि बाग?"

"कराराने देऊ कोणालातरी."

"ताई, हे खोटं आहे. त्या मुलीशी पण आणि आपल्या पोराशी पण."

"तुला काय जातंय बोलायला?" ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू मधे तोंड घालू नको."

तिचे डोळे भरले होते, म्हणून मी गप्प बसले. मुलाच्या काळजीने ती रात्र रात्र जागते हे मला माहीत होतं. पण आता एक तर ते लग्न जमून पोराची बाग जाणार, नाही तर बाग राहून एका परक्या मुलीची फसवणूक होणार. दोन्हीकडून आमचंच तोंड काळं. आणि ज्याचं लग्न, त्याला यातलं अक्षर माहीत नाही.

पहाटे निघालो. मेहुणे आले नाहीत. माकडं बागेत शिरतात, तेव्हा कुणीतरी राखणीला लागतंच, आणि त्यांचे गुडघे इतका प्रवास सोसणारेही नाहीत. भाचा गाडी चालवायला, त्याच्या शेजारी मी, मागे ताई. तिच्या मांडीवर घावण्यांचा डबा आणि शेजारी शेवटच्या तोडीतल्या निवडक हापूसची पेटी. आंबा संपत आला होता, आगोट, म्हणजे पावसाची सुरुवात, तोंडावर होती. त्यामुळे एरवी मे महिन्यात तासभर न सापडणारा माझा भाचा एक दिवस मोकळा सापडला.

हायवेने लवकर पोचलो असतो, पण तो म्हणाला, "एवढं जातोयच तर समुद्राने जाऊ." मग पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर असं करत निघालो. खाडी आली की पूल, पूल संपला की चढ, चढ संपला की कातळ आणि पुन्हा खाली खाडी. प्रत्येक चढावर तो दुसऱ्यांच्या बागा बघत होता. "ह्यांनी छाटणी केली नाय वाटतं," "ह्या कलमांना ऊन मिळत नाय, बघ," असं त्याचं चाललेलं. मागून ताई म्हणाली, "तिथे गेल्यावर कलमं-बिलमं काढू नको हां. मुंबईचं बोल."

"मुंबईचं काय बोलू? जाऊन किती वर्षं झाली."

"पाऊस-पाण्याचं बोल मग."

तो हसला. मुलीचा फोटोही त्याने बघितला नव्हता. "फोटो बघून काय, माणूस समोर येतंयच," म्हणाला. ताईने मात्र पाहिला होता. त्या फोटोत पैठणी, नथ आणि चेहऱ्यावर इतका मेकअप होता की तिच्या आईनेही ओळखलं नसतं. इथे नवरदेव थंड आणि त्याच्या आईच्याच गुडघ्याला बाशिंग, असा सगळा प्रकार.

देवगडच्या पुढे घावणे खाल्ले. वेंगुर्ला ओलांडून विचारत विचारत खाडीकडे वळलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गाडी सुरूच्या सावलीत लावली आणि बांधावरून चालत गेलो. मला वाटत होतं, फोनमधल्या करामती असणार सगळ्या. लोक काय, गटाराचासुद्धा निळा समुद्र करून दाखवतात. पण बांधाच्या वळणावर आलो आणि मी थांबलेच.

पाणी खरंच गुलाबी होतं. लाल नाही, मातकट नाही. चांगल्या दाट सोलकढीचा असतो तसा रंग, आणि सगळ्या कडेने मिठाची पांढरी साय. पलीकडे हिरवी कांदळवनं आणि मागे नेहमीची करडी खाडी, तिला या पाण्याचं काही देणंघेणं नसल्यासारखी. मी जन्मभर समुद्राकाठी राहिले, पण असं पाणी कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम आनंद झाला, लहान मुलीला होतो तसा, आणि आपण कशासाठी आलोय ते मी पाच मिनिटं साफ विसरले.

ताई विसरली नव्हती. तिची नजर बांधावर फिरत होती. थोडी माणसं होती, पण कॉलेजची पोरं वगळता बघण्यासारखी एकच जोडी. आमच्याच वयाची एक बाई पदर डोक्यावरून घेऊन दगडावर बसली होती आणि तिच्याबरोबर पंचविशी-तिशीची एक मुलगी. जीन्स, लांब शर्ट, गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर टोपी. पाण्याचे फोटो काढत होती.

"हीच ती," ताई माझ्या कानात म्हणाली. "बांधा फोटोतल्यासारखाच आहे."

"विचारूया का?"

"गप. सहज भेटायचंय, विसरलीस काय?"

आणि ती सहज चालत गेली. ताईचं ते सहज चालणं बघून कुणालाही संशय यावा, पण त्या बाईला काही आला नाही. तिने मान वर करून विचारलं, "खयच्या गो तुमी?"

आता कोकणात दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न हाच असतो. सोयरीक असो वा नसो. मूळ गाव कुठलं, कुठली वाडी, आडनाव काय, कुळदेवी कुठली, भावकी किती, मुंबईला कोण कोण असतं, जमीन किती, कलमं किती, माहेर कुठलं. बसमध्ये शेजारी बसलेली बाईसुद्धा आपण उतरायच्या आत एवढं काढून घेते. त्यामुळे ताईने त्या बाईची उलटतपासणी सुरू केली आणि त्या बाईने ताईची, आणि दोघींनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. आडनाव तेच निघालं, त्या बाजूला अर्ध्या गावाचं तेच असतं. दोघी एकमेकींना उत्तरं देत होत्या आणि दर उत्तराला ताई माझ्याकडे अर्थपूर्ण बघत होती.

"हे पाणी असं कसं झालं हो?" ताईने तोंडी लावायला विचारलं.

"दर वर्सा होता. पानी आटाक लागला की रंग चढता. आमच्या ल्हानपणी कोण बघूक येय नाय. आता बघा, फोटोच फोटो."

माझ्या भाच्याने त्या मुलीला फोनवर वाचून सांगितलं की अती खाऱ्या पाण्यात वाढणारे बारीक जीव असतात, त्यांचा हा रंग. ती म्हणाली, "हो का?" आणि स्वतःचा फोन त्याच्या हातात देऊन म्हणाली, "आमचा दोघींचा एक काढता का?" ताईचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे बघितलं. फोटो काढून झाल्यावर भाचा एकटाच बांधाने पुढे निघून गेला. तिथे खाडीचं पाणी आत घ्यायची जुनी मोरी होती, ती बघायला. असल्या गोष्टी त्याला माणसांपेक्षा जास्त आवडतात.

"एकच झील?" बाईने त्याच्या पाठीकडे बघत विचारलं. "लगीन झाला?"

"तेच तर बघतोय," ताई लाजून म्हणाली. मुलाची आई लाजताना मी पहिल्यांदाच बघितली.

"होयत, होयत. वेळ इली की सगळा होता. काय करता झील?"

ताईने श्वास घेतला. मी मनात म्हटलं, आला 'सध्या'. आला.

"सध्या घरीच असतो, बागेत. पण आता पाऊस लागला की मुंबईला जायचाय. नोकरी आहे."

बाईने एकदम कपाळाला हात लावला. "कशाक धाडतास तेका मुंबयक? घरात बाग आसा ना? माझो झील आसा मुंबयत. एका खोलयेत चार जणां रवतत. गणपतीक येता, पाच दिवस, आणि ते पण पाहुण्यांत जातत. घर बांधला, स्लॅब घातलो, आणि रवता कोण? मी." मग तिने पाण्याकडे बघितलं आणि आवाज खाली आला. "माका इचारशात तर, जेचो झील दुपारी घराक जेवक येता, तीच नशीबवान."

ताई तिच्याकडे बघत राहिली. बिचारीला वाटलं, नवरीची आईच म्हणतेय, मुलगा गावात राहू दे. इतकी वर्षं ज्या बाईची ती वाट बघत होती, ती बाई एकदाची या दगडावर भेटली होती. आणि मग आमच्या ताईचं जे काही आतून सुटलं, ते आवरेना. संकोच नाही, 'सध्या' नाही.

"खरं सांगू काय तुम्हाला?" ती म्हणाली. "तो जायचा नाय. मीच सगळ्यांना सांगतेय, मुंबईला जाणार म्हणून. त्याला ठाऊक पण नाय. त्याचा जीव बागेत आहे. वरच्या सड्यावर आमचे सासरे म्हणायचे, इथं कुसळाशिवाय काय उगवायचं नाय. ह्याने तिथं कलमं जगवली. पहिल्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं, तर खालच्या विहिरीवरून कावडीने नेलंन. आंबा काढतो तो असा देठ राखून, फळावर चिकाचा ठिपका पडत नाय. बागेतलं एकूण एक झाड त्याला माणसासारखं माहीत आहे. आणि बापाच्या गुडघ्यांना रोज तेल लावतो. मुंबईला असता तर रोज फोन लावला असता. असा मुलगा माझ्या पोटी आला, आणि मी दारोदार जाऊन लोकांची माफी मागत फिरतेय!"

एवढं बोलून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. बाईने तिचा हात धरला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. आणि मी मागे वळून बघितलं तर भाचा पेटी घेऊन उभा. मघाशी मोरी बघून तो परत वळला, तेव्हा ताईनेच त्याला खुणेने सांगितलं होतं, गाडीतून आंबे आण. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्याच्या चेहऱ्यावरून मला एवढंच कळलं की त्याने सगळं ऐकलंय. मुंबईची थापही आणि पुढचंही.

त्याने पेटी दगडावर ठेवली. ताईने डोळे पुसून ती बाईपुढे सरकवली. "घरचे आहेत. नाय म्हणायचं नाय."

"अवो, कशाक इतके?" बाई चक्रावली, पण घेतले. मग रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून तिने आपल्या पिशवीतून खड्या मिठाची पुरचुंडी काढली. शेजारच्या चालू मिठागरातून तिने घरासाठी घेतलं होतं. मीठ हातात देत नाहीत, दिलं तर भांडण होतं. तिने पुरचुंडी खाली दगडावर ठेवली आणि ताईने ती उचलली. मला वाटलं, झालं, सोयरीक जमली. कोकणात इतक्या प्रेमाने जमलेली मी तरी पाहिली नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बांधावर रेंज नावालाच होती. मध्यस्थ ओरडून बोलत होते. "वाटेत पंक्चर झालं होतं, त्यामुळे उशीर झाला! आईंना जमलं नाही, वडील आणि मुलगी पोचतायत पाच मिनिटांत! पांढरी गाडी!"

मी ताईला सांगितलं. ताईने बाईकडे बघितलं, मुलीकडे बघितलं.

"मग तुम्ही कोण?"

"आमी?" बाई म्हणाली. "आमी पानी बघूक इलव."

"आणि ही?"

"ही? ही माझी सून."

सासूकडे चार दिवस मुंबईहून आलेली ती मुलगी चष्मा काढून आमच्याकडे बघत होती. ओढणी बाजूला झाली तर गळ्यात मंगळसूत्र. मी काय घोटाळा झाला ते थोडक्यात सांगितलं आणि ती बाई जी हसायला लागली, ती थांबेचना. "तरी म्हटलंय!" ती म्हणाली. "रत्नागिरीची माणसां आंबे फुकट कशी दितत!" सूनही हसली, मीही हसले, भाचासुद्धा हसला. बाई पेटी परत करायला लागली, पण ताई नको म्हणाली. ती तेवढी हसत नव्हती. ती बांधाच्या टोकाकडे बघत होती. तिथे पांढरी गाडी येऊन थांबली होती.

वडील साधे, सरळ माणूस वाटले. जन्मभर मुंबईत नोकरी करून आता गावी परतलेले. मुलगी कुडाळला एका दुकानाचे हिशेब बघत होती. फोटोत होती त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी छान, सावळी, मोकळ्या चेहऱ्याची. सासू-सून सभ्यपणे बाजूला झाल्या. अर्थात कोकणी माणूस बाजूला होतो तो ऐकू येईल इतकाच.

वडिलांनी सहज-बिहज भेटण्याची भानगड ठेवली नाही. उशिराबद्दल माफी मागितली आणि लगेच माझ्या भाच्याला विचारलं, "मग, मुंबईला कधी हजर व्हायचंय?"

भाच्याने ताईकडे बघितलं. मला त्याचा स्वभाव माहीत आहे. चारचौघांत आईला खोटं पाडणारा मुलगा तो नव्हे. तो काहीतरी सांभाळून घेणार होता. आणि सांभाळून घेताना अडकणार होता, कदाचित जन्माचा. त्याने तोंड उघडलं, "आईने सांगितलं तसं, पाऊस..."

"नाय," ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी खोटं सांगितलं तुम्हाला. मध्यस्थांना दोष देऊ नका, त्यांना पण मीच फसवलं. ह्याला नोकरी नाय. हा बागायतदार आहे आणि हा गावातच राहणार. त्याला यातलं काय ठाऊक नव्हतं."

मी जवळ जाऊन उभी राहिले. वडिलांचा चेहरा उतरला आणि मग आवाज चढला. "असं कसं करता तुम्ही?" ते म्हणाले. "आमच्या मुलीचा प्रश्न आहे. उद्या लग्न झाल्यावर कळलं असतं तर?" ते अगदी बरोबर बोलत होते.

मुलीनेच त्यांचा हात धरला. "बाबा, राहू दे. आत्ता सांगितलं ना त्यांनी?" मग ती ताईकडे वळली. "काकी, मला गावात नाही राहायचं. बाबा मुंबईला आणि आई इथे, असंच आमचं घर होतं. आईने सगळं आयुष्य वाट बघण्यात घालवलं. मला तसं नको."

"मी घरीच असतो," भाचा हळूच म्हणाला. "वाट बघायला लागायची नाही."

ती हसली. खरंखुरं हसली. "ते खरं आहे. पण मला जायचंच आहे हो. मला मोठ्या शहरात काम करायचंय. तुमच्यात काही वाईट नाही."

यापूर्वी नकार देणाऱ्या प्रत्येक मुलीला ताईने घरी येऊन शिव्या घातल्या होत्या. या मुलीच्या डोक्यावरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "जा, बाय. चांगली नोकरी मिळू दे तुला." मग इतक्या लांबून आलोय तर म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून थोडा वेळ ते पाणी बघितलं. वडीलही शांत झाले. जाताना नमस्कार करून गेले, कळवतो म्हणाले नाहीत, ते बरं केलं.

परतताना हायवे धरला. कणकवली मागे पडली, खारेपाटण मागे पडलं. मी एक-दोनदा चेष्टा करून बघितली, सून पसंत पडली होती पण नवरा आड आला वगैरे. कुणी हसेना. राजापूरच्या पुढे, लांजा यायच्या आत, उन्हं उतरलेली असताना भाच्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं चहा घेऊया म्हणेल. तिथे चहाची टपरी नव्हती.

तो समोर काचेतून बघत होता. मागे न वळता म्हणाला, "आई, त्या बाईला जे सांगितलंस, ते मला कधी का नाय सांगितलंस?"

ताईने मांडीवरची मिठाची पुरचुंडी बाजूला ठेवली.

"मला वाटायचं, तुला माझी लाज वाटते."

मला वाटलं, आता ताई रडणार, असं कसं बोलतोस रे म्हणणार, आणि दोघांचं नेहमीसारखं अर्ध्यावर राहणार. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"वाटायची," ताई म्हणाली.

मी रुमाल शोधायची थांबले.

"कोणी विचारलं, मुलगा काय करतो, की वाटायची. घरी तू समोर जेवायला बसलास की नाय वाटायची. लोकांत गेले की परत वाटायची. आज त्या बाईने माझा हात धरला, आणि मी तुझ्याबद्दल बोलत होते, तेव्हा मला माझी लाज वाटली."

भाच्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलत होते. शाळेत जायला लागल्यापासून मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ताईने मागून दोन सीटच्या मधून हात घातला आणि त्याच्या मानेवर ठेवला. उन्हाने रापलेल्या, मातीने राठ झालेल्या त्या मानेवर ती हात फिरवत राहिली. मी खिडकीबाहेर बघत होते. शेजारून ट्रक जात होते, आमची गाडी हलत होती.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीला तोंड पुसलं. "चल," तो म्हणाला, "बाबा जेवायचे थांबले असतील," आणि गाडी सुरू केली.